अदलाबदल लक्षात ठेवणारे कण

पुंजयांत्रिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक युक्तिवाद जेमतेम काही ओळींत उरकलेला असतो आणि त्या ओळींवर साऱ्या द्रव्यविश्वाची विभागणी उभी असते. दोन इलेक्ट्रॉन घ्या. त्यांच्यात कसलाही भेद नाही. वस्तुमान तेच, विद्युतभार तोच, आणि एकावर खूण करून ठेवावी तर तशी सोयही निसर्गाने ठेवलेली नाही. मग त्यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मोजता येण्याजोगे काहीही बदलता कामा नये. बदलू शकतो तो फक्त त्यांच्या वेव्ह फंक्शनला, म्हणजे त्यांच्या अवस्थेचे वर्णन करणाऱ्या गणिती सूत्राला, लागणारा एक गुणक, आणि तोही असा की मोजमापावर त्याचा परिणाम होऊ नये. आता तीच अदलाबदल पुन्हा एकदा करा. पहिला कण आपल्या जागी परतला, दुसराही परतला. जणू काही घडलेच नाही. म्हणजे त्या गुणकाचा वर्ग एक असला पाहिजे, आणि ज्यांचा वर्ग एक येतो अशा संख्या दोनच आहेत: अधिक एक आणि उणे एक. अधिक एक आला तर तो कण बोसॉन, उणे एक आला तर फर्मिऑन. तिसऱ्याला जागाच नाही.

इतक्या थोड्या सामग्रीतून इतका मोठा निष्कर्ष काढणारे युक्तिवाद भौतिकशास्त्रात फार नाहीत, आणि हा मला आजही सुंदर वाटतो. उणे एकाचा परिणाम असा की दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. वोल्फगांग पाउलीने १९२५ मध्ये मांडलेले अपवर्जन तत्त्व ते हेच. त्यामुळे अणूतले इलेक्ट्रॉन सगळेच्या सगळे सर्वांत खालच्या पातळीवर कोसळत नाहीत, एकावर एक कक्षा भरत जातात, मूलद्रव्यांना निरनिराळे रासायनिक गुण येतात आणि घन पदार्थ जागा अडवून बसतात. अधिक एकाचा परिणाम नेमका उलटा. बोसॉनांना एकाच अवस्थेत गर्दी करणे मानवते. प्रकाशकणांची अशी मोजदाद कशी करावी हे ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आइनस्टाइनला पाठवलेल्या निबंधात दाखवले होते, आणि आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवून आणला. लेसर, अतिवाहकता आणि अतिद्रवता ही सगळी पुढची वंशावळ त्यातूनच आली.

विज्ञानात एखादा निष्कर्ष इतका फलदायी ठरला की त्याच्या सिद्धतेकडे परत वळून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. या युक्तिवादाचे तसेच झाले. त्यात दोन फटी होत्या, दोन्ही पहिल्यापासून डोळ्यांसमोर होत्या, आणि त्यांतून बोसॉनही नाहीत व फर्मिऑनही नाहीत असे कण आत आले. मला या कणांविषयी लिहावेसे वाटते ते त्यांच्या विचित्रपणापेक्षाही या फटींमुळे.

पहिली फट ‘जणू काही घडलेच नाही’ या शब्दांत आहे. दोनदा अदलाबदल केल्यावर कण आपापल्या जागी येतात हे खरे, पण ते तिथे कोणत्या मार्गाने आले? युक्तिवाद हा प्रश्न विचारतच नाही. तो फक्त सुरुवातीची आणि शेवटची मांडणी पाहतो, मधला प्रवास सोडून देतो. हे सोडून देणे आपल्या त्रिमितीय अवकाशात चालून जाते, पण ते का चालते हे कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहण्यासारखे आहे. कागदावर दोन ठिपके काढा. दोनदा अदलाबदल करणे म्हणजे, दोघांची सापेक्ष हालचाल पाहिली तर, एक ठिपका स्थिर ठेवून दुसऱ्याला त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी घालून आणणे. ती फेरी पेन्सिलीने काढा. मधोमध स्थिर ठिपका, भोवती बंद वळसा. आता हा वळसा हळूहळू आकसत नेऊन नाहीसा करायचा आहे, पण मधल्या ठिपक्याला स्पर्श न करता. कागदाच्या पृष्ठावर ते अशक्य आहे, कारण वळसा ठिपक्याला अडकून बसतो. मात्र वळसा कागदावरून उचलून वर हवेत घेण्याची मुभा असेल, तर तो ठिपक्याच्या डोक्यावरून सहज पलीकडे नेता येतो आणि तिथे त्याचा बिंदू होतो. त्रिमितीत पूर्ण फेरी ही न घातलेल्या फेरीत सलगपणे रूपांतरित होऊ शकते. म्हणून तिथे ‘काही घडलेच नाही’ हे म्हणणे रास्त आहे. द्विमितीत मात्र काहीतरी घडलेले असते आणि ते पुसता येत नाही. दोनदा केलेल्या अदलाबदलीच्या गुणकाचे मूल्य एक हेच असले पाहिजे ही सक्ती तिथे उरत नाही, आणि एका अदलाबदलीचा गुणक अधिक एक व उणे एक यांच्या दरम्यानच्या वर्तुळावरची कोणतीही फेज, म्हणजे त्या वर्तुळावरचा कोणताही कोन, घेऊ शकतो. इतकेच नव्हे, तर घड्याळाच्या दिशेने केलेली अदलाबदल आणि उलट दिशेने केलेली अदलाबदल या दोन निराळ्या घटना ठरतात.

म्हणजे बोसॉन आणि फर्मिऑन ही विभागणी केवळ कणांच्या स्वभावातून आलेली नव्हती. ती कण ज्या अवकाशात वावरतात त्याच्या मितींकडूनही आली होती, आणि आपण त्रिमितीत राहत असल्याने हा दुसरा हिस्सा आपल्याला दिसलाच नव्हता. एखाद्या नियमाचे श्रेय आपण वस्तूला देत होतो आणि त्यातला अर्धा वाटा जागेचा होता, हे कळणे मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते.

ही गोष्ट ओस्लो विद्यापीठातल्या योन माग्ने लेनास आणि यान मिर्हाइम यांनी १९७७ मध्ये नीट मांडली. त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेत जेराल्ड गोल्डिन, राल्फ मेनिकॉफ आणि डेव्हिड शार्प वेगळ्या गणिती वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले, आणि १९८२ मध्ये फ्रँक विल्चेकने या कणांना ‘एनिऑन’ हे नाव दिले, तेच रूढ झाले. पुंजयांत्रिकी तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती. यासाठी लागणारे गणित मात्र कधीचेच तयार होते. द्विमितीत फिरणाऱ्या कणांचे मार्ग काळाच्या अक्षावर उलगडून मांडले की त्यांचे पेड एकमेकांवरून जातात आणि त्यांची वेणी घातली जाते. कोणता पेड कोणाच्या वरून गेला याचा हिशेब त्या वेणीत कायमचा राहतो. अशा वेण्यांचे बीजगणित एमिल आर्टिनने १९२५ च्या सुमारास उभे केले ते हॅम्बुर्ग विद्यापीठात, आणि त्याच विद्यापीठात त्याच वर्षी पाउली आपले अपवर्जन तत्त्व लिहीत होता. एका गावात, एका वर्षी, एक जण दोनच पर्यायांच्या जगाचा पाया घालत होता आणि दुसरा त्या जगाबाहेरची भाषा तयार करत होता. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण तो मनातून जात नाही हेही खरे.

तरीही १९७७ चा निबंध गणिती कुतूहलाचा विषय होऊन राहिला असता, कारण खरोखरीची द्विमिती आणायची कुठून? कितीही पातळ पत्रा घेतला तरी त्याला जाडी असतेच. याचे उत्तर अर्धवाहकांच्या तंत्रज्ञानाकडून आले आणि ते फार समाधान देणारे आहे. गॅलियम आर्सेनाइड आणि अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकमेकांवर वाढवले की त्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन एका अरुंद खाचेत अडकतात. खाचेला जाडी आहे, पण तेवढ्या अरुंद जागेत उभ्या दिशेच्या हालचालीच्या ऊर्जापातळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि थंडी पुरेशी असेल तर खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्याइतकी ऊर्जा कोणत्याच इलेक्ट्रॉनपाशी नसते. तिसरी मिती तिथे आहे, पण ती वापरण्याचे सामर्थ्य कोणाकडे नाही. व्यवहारात ती बंद झाली. द्विमिती म्हणजे नुसता चपटेपणा नव्हे, एक दिशा ऊर्जेअभावी मिटलेली असणे, हे या प्रयोगांनी मला जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही भूमितीने केले नव्हते.

अशा थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० अब्ज इलेक्ट्रॉन असतात. डॅनियल त्सुई आणि हॉर्स्ट श्टोर्मर यांनी १९८२ मध्ये आर्थर गोसार्ड यांनी बनवलेला असा नमुना एका केल्विनपेक्षाही थंड केला आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही लाख पट तीव्रतेच्या क्षेत्रात ठेवला. चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या आडव्या दिशेने व्होल्टेज निर्माण होतो, तो हॉल परिणाम. त्याच्या आलेखात पूर्णांकांवर सपाट पायऱ्या येतात हे क्लाउस फॉन क्लिट्झिंगमुळे दोन वर्षांपूर्वीच माहीत झाले होते, पण इथे एक पायरी एक-तृतीयांशावर उमटली. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने तिथे पायरी येण्याचे काही कारण नव्हते. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लाफलिनने स्पष्टीकरण दिले: त्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन सुटे राहत नाहीत, परस्परांच्या प्रतिसारणामुळे त्यांचा एक सुसंघटित द्रव बनतो, आणि त्या द्रवातली लहानशी उणीव किंवा अधिकपणा इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश भाराचा कण असल्यासारखी वागते. त्सुई, श्टोर्मर आणि लाफलिन यांना १९९८ चे नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉन कुठे तुटलेला नसतो. तो अविभाज्यच आहे. अपूर्णांक आहे तो समूहाचा.

बर्ट्रंड हाल्परिन यांनी १९८४ मध्ये, आणि त्याच वर्षी डॅनियल अरोवास, जॉन श्रीफर व विल्चेक यांनी, या एक-तृतीयांश भाराच्या कणांना एनिऑन म्हटले पाहिजे हे दाखवले. त्यामागचे कारण सांगण्यासारखे आहे. चुंबकीय प्रवाहाभोवती फेरी घालणाऱ्या विद्युतभाराला फेज मिळते, मग वाटेत त्याला चुंबकीय क्षेत्र लागो वा न लागो. हा याकीर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये वर्तवलेला परिणाम आहे. लाफलिनच्या द्रवातली प्रत्येक उणीव चुंबकीय प्रवाहाच्या एका पुंजाशी निगडित असते. तेव्हा एक-तृतीयांश भार अशा उणिवेभोवती फिरून आला की त्याला मिळणारी फेज पूर्ण चक्राच्या एक-तृतीयांश असते. भाराचा अपूर्णांक आणि अदलाबदलीचा अपूर्णांक एकाच मुळाचे आहेत.

भाराचा अपूर्णांक विद्युतप्रवाहातल्या सूक्ष्म खडखडाटावरून १९९७ मध्येच मोजला गेला; फ्रान्समधल्या साक्ले येथे आणि इस्राएलच्या वाइझमान संस्थेत. फेज मात्र आणखी जवळपास पाव शतक निसटत राहिली. कारण असे की कणाला फिरवण्यासाठी जे छोटे बेट थरात कोरायचे त्यातले विद्युतभार एकमेकांना ढकलतात, नवा कण आत शिरला की बेटाचे क्षेत्रफळच किंचित बदलते, आणि त्या बदलाची फेज खऱ्या फेजला झाकून टाकते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मायकल मॅन्फ्रा यांच्या गटाने यावर काढलेला मार्ग साधा पण कष्टाचा होता: मुख्य थराच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचे आणखी एकेक थर वाढवायचे, म्हणजे ते ही ढकलाढकली शोषून घेतील. जेम्स नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापे मी अनेकदा पाहिली आहेत. चुंबकीय क्षेत्र आणि बेटाच्या कडेचा व्होल्टेज हळूहळू बदलत नेला की वाहकतेचे पट्टे तिरपे, समांतर सरकत जातात. ही अहारोनोव्ह-बोम फेज. मध्येच एका रेषेवर सगळे पट्टे एकदम तुटतात आणि सरकून पुन्हा पूर्वीसारखे चालू लागतात. त्या रेषेवर बेटात एका क्वासीपार्टिकलची, म्हणजे द्रवातल्या त्या एक-तृतीयांश भाराच्या कणाची, भर पडलेली किंवा घट झालेली असते. पट्ट्यांची ही सरक पूर्ण चक्राच्या किती भाग आहे ते मोजले तेव्हा उत्तर ०.३१ आले, आणि मोजमापाच्या त्रुटीच्या मर्यादेत ते एक-तृतीयांशच आहे. कडेने फिरणाऱ्या कणाने आतल्या कणाला स्पर्श केलेला नाही, त्याला प्रदक्षिणा तेवढी घातली आहे, आणि त्या प्रदक्षिणेची नोंद आलेखात उमटली आहे. विज्ञानाच्या छापील आकृत्यांत याहून अधिक अर्थ भरलेल्या आकृत्या मला थोड्याच ठाऊक आहेत. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ग्वेंदाल फेव्ह यांच्या गटाने एनिऑनांचे दोन विरळ झोत एकमेकांवर आणून, बाहेर पडणाऱ्या प्रवाहांतला परस्परसंबंध फर्मिऑनांच्या नियमात बसत नाही असे स्वतंत्रपणे दाखवले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हे कण खरे नव्हेत, खरे ते इलेक्ट्रॉन, बाकीचा सारा समूहाचा भास. मला तो पटत नाही. ज्याला ठरावीक भार आहे, ज्याची संख्या एकेकाने वाढते, ज्याला ठरलेल्या मार्गाने फिरवता येते आणि ज्याच्या प्रदक्षिणेची फेज मोजता येते, त्याला कण न म्हणण्यासाठी उरते काय? तो पोकळीत सुटा सापडत नाही हे खरे, पण तो द्रव हीच त्याची पोकळी आहे.

दुसरी फट याहून सूक्ष्म आहे. मूळ युक्तिवादाने धरून चालले होते की अदलाबदलीने येणारा गुणक ही एक संख्या असते. असे का असावे? कणांची जागा ठरवली तरी समूहाला अनेक अवस्था उपलब्ध असतील, तर अदलाबदल त्या अवस्थांचे एकमेकींत मिश्रण करू शकते, आणि मग गुणकाच्या जागी मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेला संख्यांचा तक्ता, येते. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते. दोन्ही फटी एकत्र आल्या, म्हणजे द्विमितीही आहे आणि गुणकही मॅट्रिक्स आहे, तर ज्यांना नॉन-अबेलियन एनिऑन म्हणतात ते मिळतात: आधी कोणाची अदलाबदल केली आणि नंतर कोणाची, यावर अंतिम अवस्था ठरते. ग्रेगरी मूर आणि निकोलस रीड यांनी १९९१ मध्ये सुचवले की हॉल परिणामातली १९८७ साली सापडलेली पाच-द्वितीयांशची पायरी अशी असू शकेल. अलेक्सेई किताएव यांनी १९९७ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. अशा कणांत साठवलेली माहिती कोणत्याच एका कणापाशी नसते, ती सर्वांच्या मिळून असलेल्या वेणीत असते. त्यामुळे एखाद्या ठिकाणचा गोंगाट तिला वाचूही शकत नाही आणि बिघडवूही शकत नाही. क्वांटम संगणकाला याहून चांगले रक्षण सुचवणे अवघड आहे.

याच आकर्षणामुळे या क्षेत्रात घाईही शिरली. अतिवाहक जोडलेल्या सूक्ष्म तारांच्या टोकांशी अशा प्रकारची अवस्था दिसल्याचा २०१८ मधला एक गाजलेला निबंध लेखकांना २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये क्वांटम संगणकांवरच, एकदा गूगलच्या अतिवाहक प्रोसेसरवर आणि एकदा क्वांटिन्युअम कंपनीच्या २७ बंदिस्त आयनांवर, नॉन-अबेलियन वेणी घालून दाखवण्यात आली. ही कामे उत्तम आहेत, पण तिथे वेव्ह फंक्शन पायरीपायरीने आज्ञा देऊन घडवलेले असते. द्रव्याच्या स्वतःच्या ऊर्जेने राखलेली अवस्था, जिला आपल्या जागेवरून हलवायला किंमत पडते, ती अजून निर्विवाद हाती यायची आहे, आणि या दोहोंत फरक केला पाहिजे असे माझे मत आहे.

आता फक्त दुसरीच फट उघडी ठेवा. द्विमितीचा आधार सोडा. दोनदा अदलाबदल म्हणजे काहीच न घडणे हे मान्य करा. पण गुणक मॅट्रिक्स असू द्या, ज्याचा वर्ग एकक मॅट्रिक्स येतो अशी. हे कण त्रिमितीतही असू शकतात. हर्बर्ट ग्रीन यांनी १९५३ मध्ये अशी एक मांडणी केली होती आणि तिला पॅरास्टॅटिस्टिक्स म्हणतात. तिचा एक वापर फार मोलाचा ठरला. प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या क्वार्कांपैकी तीन सारखेच क्वार्क काही कणांत एकाच अवस्थेत दिसत होते, जे पाउलीच्या तत्त्वाला धरून नव्हते, म्हणून ऑस्कर ग्रीनबर्ग यांनी १९६४ मध्ये क्वार्क हे तिसऱ्या श्रेणीचे पॅराफर्मिऑन असावेत असे सुचवले. पुढे उलगडले ते असे की क्वार्क साधे फर्मिऑनच आहेत, फक्त त्यांना ‘रंग’ हा आणखी एक गुण आहे आणि तो तीन प्रकारचा असतो. ग्रीनबर्ग यांची कल्पना चुकली नाही, ती रंगाच्या रूपाने टिकली. पण त्यामुळे असाही समज बळावला की पॅराकण, म्हणजे पॅरास्टॅटिस्टिक्स पाळणारे कण, दिसले की त्यांच्यामागे एखादा लपलेला गुण असतो आणि तो सापडला की उरतात बोसॉन किंवा फर्मिऑनच. सर्जिओ डॉप्लिकर, रुडॉल्फ हाग आणि जॉन रॉबर्ट्स यांनी सत्तरीच्या दशकारंभी ठरावीक गृहीतके धरून जवळजवळ हेच सिद्ध केले, आणि विषय मिटल्यासारखा झाला.

तो पुन्हा उघडला तो जानेवारी २०२५ मध्ये, झियुआन वांग आणि केडन हॅझर्ड यांच्या ‘नेचर’मधल्या निबंधाने. त्यांची मांडणी ग्रीनच्या मांडणीहून निराळी आहे आणि तिच्यातले पॅराकण साध्या कणांचे वेषांतर ठरत नाहीत. अदलाबदल झाली की त्यांच्या अंतर्गत अवस्था एका ठरलेल्या नियमाने बदलतात. एका अवस्थेत किती कण मावतात याचा हिशेब बोसॉनांपेक्षाही वेगळा येतो आणि फर्मिऑनांपेक्षाही, म्हणून तापमानानुसार ऊर्जापातळ्या कशा भरतात याचे सूत्रही तिसरेच निघते. हे सगळे त्यांनी एक आणि दोन मितींतल्या स्पिनांच्या (म्हणजे सूक्ष्म चुंबकांसारख्या घटकांच्या) जाळ्यांवर, उत्तर तंतोतंत काढता येईल अशा प्रारूपांत दाखवले आहे. असे वागणारा पदार्थ अद्याप कोणाच्या हाती नाही. पण प्रारूप लिहून झाले आहे, त्यातल्या परस्परक्रिया शेजारच्या स्पिनांपुरत्याच आहेत, आणि थंड अणू किंवा आयन यांच्या जाळ्यांवर अशा परस्परक्रिया हव्या तशा घडवण्याचे कौशल्य प्रयोगशाळांत वाढत चालले आहे. ओस्लोचा निबंध आणि पर्ड्यूच्या आलेखातली ती तुटलेली रेषा यांत ४३ वर्षे गेली. या वेळी ते अंतर त्याहून कमी असावे असे मला वाटते, कारण द्विमिती तेव्हा योगायोगाने उपलब्ध झाली होती, आणि आता हवी ती मिती व हवा तो शेजार ठरवून उभा करता येतो.